चौथा खर्डा

आदरणीय श्रीमती ट्रेम्बाथ,
निधीच्या नियमांत लिहिलंय, आभाराचं पत्र हवं,
एक पान, सुवाच्य अक्षरात.
तीन खर्डे फाडले.
तिन्हींत 'उपकृत' असा शब्द आला होता
आणि तिन्ही वेळा तो
नव्या बुटासारखा टाचेला चावला.

म्हणून सरळ हिशेबच देते.
बूट, पोलादी टोकाचे, एक जोड.
रबरी मुठीचे पेचकस, सात. पक्कड, कटर.
रेडरूथहून कॉलेजपर्यंत बसचा पास, सप्टेंबर ते जून.
उरलेले सोळा पौंड आईच्या विजेच्या मीटरमध्ये भरले.
हे नियमांत बसत नाही, ठाऊक आहे.
पण मेणबत्ती लावून विजेचा अभ्यास करायचा,
हे तरी कशात बसतं?

ज्यांच्या हाताखाली शिकते ते जोरी पेनरोझ
फार बोलत नाहीत.
पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले:
टेस्टर आधी चालू तारेवर लावून बघ,
मग बंद केलेल्या तारेवर,
मग परत चालू तारेवर.
मेलेलं मेलंय असं म्हणण्याआधी
साक्षीदार खरा आहे ना, हे दोनदा तपासायचं.

परवा चॅपलमागच्या घरात काम होतं.
जमिनीची फळी उचकटली तर खाली
लाल-काळ्या तारा, जुन्या रंगांच्या,
ओळंब्याने आखल्यासारख्या सरळ नेलेल्या,
जिथे कुणी कधी बघणार नाही तिथेसुद्धा.
आणि तुळईवर सुताराच्या पेन्सिलीने:
एच. ट्रेम्बाथ, शिकाऊ. जानेवारी ६१.
चहा मिळाला नाही.

मी मोठ्याने हसले. मग गप्प झाले,
कारण त्या सगळ्या तारा मलाच ओढून काढायच्या होत्या.
वरचं रबर बोट लागताच पापुद्र्यांनी गळत होतं.
जोरी म्हणाले, हेडली असता तर
तुझ्या हातातला कटर हिसकावून त्यानेच सुरुवात केली असती.
असेल.
पण तुमच्या यजमानांचं काम मी तोडलं, बाई,
त्यांच्याच नावाच्या पैशांतून घेतलेल्या कटरने.
हे आभारात लिहायचं की माफीत?
तिसऱ्या खर्ड्यापर्यंत मी ते लिहिलंच नव्हतं.

तांबं मात्र आतून लखलखीत होतं.
वीतभर तुकडा या पाकिटात घातलाय.
भंगारवाला त्याचे दोन पैसेही देणार नाही,
तुम्ही ठेवाल असं वाटलं.

नव्या तपकिरी-निळ्या तारा
तुळयांच्या त्याच भोकांतून गेल्या.
एकही नवं भोक पाडावं लागलं नाही.
तिन्हीसांजेला टेस्टर लावला, तीनदा,
मग जिन्यातला दिवा लागला,
आणि घरच्या आजीबाई दिव्याकडे न बघता
माझ्या बुटांच्या चिखलाकडे बघत म्हणाल्या,
साखर किती?

फळी ठोकण्याआधी
त्यांच्या ओळीखाली मी माझी लिहिली.
के. पास्को, शिकाऊ.
चहा मिळाला. दोनदा.

पत्र एका पानाबाहेर गेलं.
पाचवा खर्डा करणार नाही.

केरेन्झा पास्को
वर्ष दुसरे