चवथीचा चंद्र, मुहर्रक

आज गणपतीची चवथ.
सकाळीच आईचा फोन : "रात्री वर बघू नकोस गं, आळ येतो."

वर बघत नाही मी. समोर बघते.
समोर तोच तर आहे दिवसभर :
गालफुगा, मिशाळ, एक डोळा मिचकावणारा,
नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी रंगवून
सेकंदाला सोळा वेळा हलवलेला.

डब्याला शिरक्यासारखा आंबूस वास.
मरझूकच्या आजोबांनी तो कराचीहून आणला
मोत्यांच्या पेटीतून,
मोत्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं त्या साली.
भिंतीवर चादर, दारात चपलांचा ढीग,
आणि चंद्र शिडीवरून उतरून
कोळ्याच्या टोपलीत बसला
की अख्खी गल्ली हसायची म्हणे.

माझं काम सोपं. धूळ पुसायची.
फ्रेम चारशे अकरा : केस. पुसला.
चारशे बारा : ओरखडा. पुसला.
चारशे तेरा : चंद्राच्या गालावर अंगठ्याचा ठसा.
ज्यानं रंगवला त्याचाच असणार,
रंग ओला असताना जेवायची हाक आली असेल.
ठेवला.
चंद्राला डाग चालतो.

दुपारी मरझूक आला, खजुराची बी तोंडात घोळवत.
बघत राहिला. मग त्याच्या बाजारी हिंदीतून विचारलं,
इथला तारा कुठे गेला?
शिडाच्या जरा वर. स्टुलावर चढून
मी त्याच्यावर बोट ठेवायचो.

मूळ फ्रेम उघडली.
होता. कणाएवढा.
धूळ समजून सातशे फ्रेममधून मी तो उचलला होता.

देवावर मण्याचा आळ आला, तो निदान खोटा तरी होता.

मग बसले. एकेक तारा परत, हातानं.
मरझूक चहा ठेवून गेला. जाताना हसला :
आम्ही त्याला शोधायला गच्चीवर चढतो,
आणि तुम्ही तोंड लपवता?
वर्षातून एकदाच, म्हटलं.
तेवढं तरी त्याला एकटं सोडावं.

सातशेवी झाली तेव्हा बाहेरचा कधीच मावळला होता.
खाडीला ओहोटी, होड्या चिखलात कलंडलेल्या.
मरझूकला हाक मारली. चव्वेचाळीस सेकंद चालवून दाखवलं.
काही बोलला नाही.
उठला, आणि शिडाच्या जरा वर
चिकट बोट टेकवलं स्क्रीनवर.

पुसायला कापड घेतलं होतं मी. हातातच आहे.
फोन वाजतोय.
आईला काय सांगू?