फक्की

राजारामपुरीत, सातव्या गल्लीच्या तोंडाशी
जिनेंद्र मगदूमच्या मेडिकलात
काउंटरवर दोन ट्यूबा शेजारी शेजारी.
एक सहाशे एकोणपन्नास, एक चारशे दहा.
ताई, ही खनिजाची, ही रसायनाची, म्हणतो,
भाजीवाली म्हणते तसं : ही गावठी, ही हायब्रीड.

मी लाइनवर पळते, झेंडा घेऊन.
दुपारी चारची मॅच, पूर्वेकडची बाजू माझी,
समोर पश्चिम.
नजर सारखी उजवीकडे, बचावाच्या रेषेवर,
म्हणून ऊन बसतं ते डाव्या गालावर.
सहा सीझन झाले.
तिथं आता वांगाचा डाग आहे,
कुठल्या नकाशासारखा वगैरे नाही.
नुसता डाग.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऊन टाळा.
म्हटलं, मग ऑफसाइड कोण बघणार?
तेव्हा हसून लिहून दिलं : सनस्क्रीन, रोज.
कुठलं, ते लिहिलं नाही.

गेल्या वर्षी रसायनाचं होतं.
लावलं की मुरतं,
लावलंय हे आपल्यालाही कळत नाही.
विसाव्या मिनिटाला घाम फुटला
आणि घामाबरोबर ते उतरलं डोळ्यात.
एक डोळा मिटला, तेवढ्यात पास सुटला.
झेंडा मी वर केला.
का केला, मला आजही सांगता येणार नाही.
बावड्याच्या कोपऱ्यावरचा पानवाला मात्र
अजून सुट्टे पैसे हातावर ठेवताना म्हणतो,
"गोल होता की ओ मॅडम त्यो."

मग जस्ताचं आणलं.
जस्त म्हटलं की मला आमच्या मोरीतली बादली आठवते.
हे झोंबत नाही. मुरतही नाही.
सावळ्या तोंडावर राखेसारखं बसून राहतं, 
आणि पहिल्याच थ्रो-इनला स्टँडातनं आवाज :
"आली बघा, तोंडाला फक्की मारून!"
फक्की म्हणजे तीच,
सकाळी गणपा डब्यातून सोडत जातो ती,
जिच्यावर मी पळते.
हशा पार गोलपोस्टामागं जाऊन परत आला.
मलाही जरा हसू आलं.
झेंडा सरळ ठेवला.

जिनेंद्र समजावतोय,
खनिज ऊन परतवतं,
रसायन ऊन पितं आणि आतल्या आत जिरवतं.
वा, म्हटलं मनात.
आई जिरवणारी. आत्या परतवणारी,
एकदा तर तिनं सासऱ्याचं ताटसुद्धा परतवलेलं.
मी अशी आख्खं घर दोन ट्यूबांत भरत होते,
तोवर तो म्हणाला,
"तसं म्हणायची पद्धत आहे, ताई.
खरं तर जस्तसुद्धा बरंचसं पितंच ऊन.
परतवतं ते थोडंच."

संपलं.
काउंटरवर परत दोन ट्यूबाच राहिल्या.

तिसरी काढली त्यानं, रंगाची.
वांगाला बरी, लोखंडाचा गंज असतो म्हणे त्यात.
मनगटावर टिपका लावून पाहिला : गव्हाळ.
मी भाकरीच्या तव्याकडच्या बाजूची.
शिवाय दोन मॅचचं मानधन एका ट्यूबेत.
ठेव परत, म्हटलं.
मागं एक आजोबा खोकल्याच्या औषधासाठी खोळंबलेले,
त्यांनीच निकाल दिला :
"डोळं सांभाळ बाई. तोंड काय, दिसतंयच."

रविवारी दोन बोटं भरून जस्त लावलं,
कानांना, मानेलाही.
स्टँड तयारच होता.
मध्यंतरात डबीतलं पाणी पीत बसले
तर दळवी सर आले, मुख्य पंच, तीस वर्षं शिट्टी,
नाकाची साल निघालेली.
इकडं तिकडं बघितलं, तळहात पुढं केला,
"बघू, जरासं."

दुसऱ्या हाफला ते मधल्या वर्तुळात उभे राहिले,
पांढरं नाक घेऊन.
क्षणभर स्टँड गप्प.
मग कुणीतरी ओरडलं,
"आरं, आता दोन झाल्या की!"

साठाव्या मिनिटाला पास सुटला.
दोन्ही डोळे उघडे होते.
ऑफसाइड होता.