एकशे त्रेसष्ट तास, चाळीस मिनिटं

लॉगबुकात ही शेवटची ओळ.
पुढचे सात महिने कोरे.
कोऱ्या रकान्यात बोटानं काहीही लिहिता येतं,
सही मात्र होत नाही.

त्या दिवशी हरणीला वारा वायव्येचा, बारा नॉट,
धावपट्टी बावीस, म्हणजे बरोब्बर कुशीत.
उजवा पंख खाली, डावा पाय पुढे,
कॅप्टन दस्तूर हे इतक्यांदा सांगायचे
की मी जिना उतरतानाही डावा पाय दाबायचे.
नेमका तेव्हाच उचलला.
सेसना एकदा उसळली, दुसऱ्यांदा उसळली,
तिसऱ्यांदा नाकावर आली.
आवाज काही मोठा नव्हता,
पातेल्यावरचं झाकण पडावं तेवढाच.
टॉवरनं विचारलं, मदत हवी का?
"निगेटिव्ह," मी म्हटलं, स्पष्ट, शिकवल्याप्रमाणे.
आणि बटण सोडल्यावर रडले.

क्लबात उडणारं तेवढं एकच विमान.
नाकाचा दांडा बाहेरून यायचा,
मग तपासणी, मग कागद, मग त्या कागदाचा कागद.
ताडपत्रीखाली ते बसून राहिलं
चारा न खाणाऱ्या म्हशीसारखं.
त्यातच नियमांच्या पेपरात अडुसष्ट.
सत्तर लागतात.

नयनाबेन गॅलरीतून रोज विचारायच्या,
"बेटा, प्लेन क्यारे?"
"रिपेरमां छे, मासी."
दिवाळीनंतर त्यांनी विचारणं सोडलं.
ते जास्त लागलं.
बरोबरचा फाल्गुन व्यास एअरलाइनला लागलासुद्धा.
त्याच्या खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या
मी फोनवर दोन बोटांनी मोठ्या करून पाहिल्या,
इतक्या मोठ्या की नुसते पिवळे ठिपके उरले.

मग अप्पांच्या दुकानात बसू लागले, मकरपुऱ्याला.
शिर्के रिवाइंडिंग वर्क्स.
बिलं लिहायची, फोन घ्यायचे.
जळकी मोटर यायच्या आधी तिचा वास यायचा.
अप्पा काळी पडलेली तार छिन्नीनं तोडतात,
खाचा पुसतात,
नवं तांबं घेऊन वेढे मोजायला बसतात.
तेव्हा त्यांच्याशी बोलायचं नसतं.
एकदा मी विचारलं, चहा सांगू?
ते थांबले. माझ्याकडे पाहिलं.
आणि सगळे वेढे उलगडून
पुन्हा एकपासून.
रागावले असते तर बरं झालं असतं.

उत्तरायणाला गच्चीवर गेले नाही.
आकाशात एवढी गर्दी, आणि सगळ्यांना परवानगी.
खोलीत बसून नियम घोकले:
कुणी कुणाला वाट द्यायची,
समोरासमोर आले तर दोघांनीही उजवीकडे.
बाहेर "काप्यो छे!"
खिडकी मात्र लावून घेतली नाही.

मार्चात ब्याऐंशी गुण.
एप्रिलात ताडपत्री निघाली.
दस्तूर आधी शेजारी बसले, चार फेऱ्या,
मग दार उघडून उतरले.
"जा दीकरी. आज वारा आहे,
म्हणूनच जा."

वायव्येचाच होता, दहा-अकरा.
खाली विश्वामित्री, उन्हानं बारीक झालेली.
शेवटच्या वळणावर जीभ टाळूला चिकटलेली.
डावा पाय.
डावा पाय.
आधी उजवं चाक टेकलं, मग डावं,
आणि नाक मी कितीतरी वेळ वर धरून ठेवलं,
झोपलेल्या पोराची मान धरतात तसं.

घरी नाही, तडक दुकानात.
अप्पांची मान खाली, बोटं तांब्यात.
"एकशे चौसष्ट, पन्नास," मी म्हटलं.
त्यांनी एक बोट वर केलं.
मी थांबले.
पंख्याखाली बिलं फडफडत होती.
"सत्त्याऐंशी," ते पुटपुटले, तार फिरवली,
"अठ्ठ्याऐंशी.
हं, बोल."