पाचवा ठोका

विहिगाच्या चढावर, बसलेल्या हत्तींसारख्या खडकांच्या आडोशाला
माझी पिठाची चक्की.
डिझेलचं इंजिन, कातडी पट्टा,
आणि खिळ्यावर टांगलेली गिटार.
तिची एक तार सायकलच्या ब्रेकच्या वायरीतून सोडवलेली,
पोटात निम्मी वाटी मक्याचं पीठ;
उलटी केली की अजून पांढरं सांडतं.

सायकली दुरुस्त करणारा अंदेयो
शिकवायला तयार झाला तो उधारी फेडायला म्हणून:
दोन किलो पीठ, एक धडा.
पहिला महिना नुसता अंगठा.
"अंगठा म्हणजे पाणी आणणारी बाई," तो म्हणाला,
"रोज तीच वाट, तोच वेग,
घागर हिंदकळता कामा नये.
तर्जनी तिच्या पुढेमागे पळणारं पोर.
पोर पडलं तरी बाई थांबत नाही."

माझी बाई थांबायची.
पोर धावलं की तीही धावायची,
पोर रुसलं की रस्त्यातच फतकल मारायची.
बोटांची टोकं सोलली, मग टणक झाली,
मग चुलीवरचं पातेलं चिमटीत धरता येऊ लागलं,
तेव्हा आईने विचारलं,
या हातांना आता काही कळतं तरी का?

धाकटी इमाली फँटाच्या बाटलीवर
खिळा घासत ताल धरायची,
खर्र-खिक, खर्र-खिक.
मी चुकले तरी थांबायची नाही, बोलायची नाही,
फक्त बघायची.
त्या बघण्याइतका कडक मास्तर मला भेटला नाही.

एका गुरुवारी मी वाजवत असताना
म्हातारी कावोगोई टोपली घेऊन दारात आली.
मक्याला कीड लागलीय, भाव कमी कर, म्हणाली.
मी म्हटलं, कीड तुझी, पट्टा माझा, भाव तोच.
बराच वेळ भांडलो.
आणि मधेच ध्यानात आलं,
अंगठा चालतोय.
मला न विचारता.
घागर भरलेली.
मी भीतीने भांडतच राहिले,
खाली बघितलं असतं तर तो थांबला असता.
शेवटी तिला दहा शिलिंग सोडले.
एवढं स्वस्त मला आयुष्यात काही मिळालं नाही.

पुढची तीन वर्षं अंदेयोच्या चाली,
हुबेहूब, त्याच्या खोकल्याच्या जागांसकट.
इमाली म्हणाली,
"डोळे मिटले की अंदेयो दिसतो.
उघडले तरी तोच."
मी तिच्या हातातली बाटली हिसकावली.
दोन दिवस अबोला.

इंजिन म्हातारं झालं होतं.
धक, धक, धक, धक,
आणि पाचवा ठोका गिळायचं,
मग ढेकर दिल्यासारखा पुढचा.
किसुमूचा मेकॅनिक काही येईना.
सात दिवस मी त्या खड्ड्यात पडत होते,
आठव्या दिवशी तिथे पोर उभं केलं:
बाई एक पाऊल हवेतच ठेवते,
पोर त्याखालून पलीकडे जातं,
मग पाऊल टेकतं.
पन्नास वेळा ठेचाळले. शंभर. मग मोजणं सोडलं.
जाड तार एक स्वर उतरवली,
पेन्सिल आणि ट्यूबच्या रबराचा कॅपो
दोन घरं वर सरकवला, पुन्हा खाली आणला.
मेकॅनिक आला. इंजिन नीट झालं.
आता ते चुकत नाही.
मी चुकते, ठरवून, तिथेच.

रविवारी चर्च सुटल्यावर अंदेयोला ऐकवलं.
तो चाकाचे आरे ताणत बसला होता, मान वर नाही.
संपल्यावर म्हणाला, "पुन्हा."
मग, "पुन्हा."
तिसऱ्यांदा ग्रीसचे हात पँटला पुसले,
इमालीकडून बाटली मागून घेतली,
खिळा टेकवला,
आणि पाचव्या ठोक्याला चुकला.

इमालीने त्याच्याकडे फक्त बघितलं.