पेवातला अल्बम

हरिपूरच्या रिकाम्या पेवात
सुरगोंडा मगदूम उतरला, त्याआधी
कंदील सोडला आम्ही, रीतीप्रमाणे.
वात विझली नाही. मग कॅसिओ सोडला,
रेकॉर्डर, मिरजेचा एक तडकलेला भोपळा
ज्याची सतार होऊ शकली नाही,
वरातीच्या बँडमधला चेपका कर्णा,
आणि शेवटी तो. कमरेला दोर,
डोक्याला कुणाच्या तरी लग्नातला फेटा.

‘हळद काढून नेली तरी
अंधार पिवळाच राहतो रे,’ खालून म्हणाला.
येडंच ते.

नऊ गाणी. एकात ढोलकी उलटी वाजते,
नाचणारीचे पाय मागे मागे जात
पुन्हा कनातीत शिरावेत तशी.
दुसऱ्यात डिस्को, पण सुतकातला.
चौथं गप्पच. रुमालाखाली
बोटांनी ठरणारा हळदीचा भाव.
फार कान दिला तर नखं ऐकू येतात.

अकरा प्रती खपल्या, त्यातल्या दोन माझ्या.
बँडवाले पखाले म्हणाले,
ह्याच्यावर घोडं नाचायचं नाही.

काल रात्री आयर्विन पुलावर
हेडफोन लावून नववं पुन्हा ऐकलं.
तळाशी, सगळ्या आवाजांच्या खाली
कुणीतरी घसा फोडून ओरडतंय:
सुऱ्या, वर ये, बास झालं आता.

माझाच आवाज.
पुसला नाही त्यानं. सुरात बसवलाय.
पुढं अर्धं मिनिट नुसता दोर
मातीला घासत राहतो

आणि गाणं काही वर येत नाही.