अंधाराची लांबी

तौसीफने भाड्याने आणलेलं हे चाकांवरचं घर
शारजाच्या त्या खोलीपेक्षा मोठं निघालं,
जिथे एकोणतीस वर्षं तुम्ही
पाच जणांत एक कपाट वाटून राहिलात.
मी नळ दोनदा उघडून पाहिला. पाणी आलं.
मसाल्याची बरणी ओढणीने बांधली दांड्याला,
सुका जवळा तीन पिशव्यांत, सीटखाली,
तरी खोरफक्कनच्या चढावर
सगळ्या गाडीला हर्णैच्या बंदराचा वास.

पासपोर्टवर व्हिसा रद्दचा शिक्का, हातात तीस दिवस.
लोक सोनं घेतात, पुठ्ठ्यात टीव्ही बांधतात.
तुम्ही फोनवर म्हणालात,
ये, तुला माझे दिवे दाखवतो.

मला वाटलेलं मनोरे असतील,
गोल जिन्याचे, चुन्याने लखलखीत,
आपल्या किल्ल्यासमोर आहे तसे.
पहिला निघाला धक्क्याच्या टोकाला, कुंपणापलीकडे
एक लोखंडी खांब,
वर सोलरची पाटी आणि पेरूएवढा दिवा.
"हा?"
"हा. याची बॅटरी मी सात वेळा बदललीय."
दुसरा कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीवर.
तिसऱ्यावर पाणकावळा बसलेला, आणि काच त्याने शिटून ठेवलेली.
तुम्ही खिशातून फडकं काढलंत,
मग आठवलं असावं,
की खाली बोट नाही, अंगात गणवेश नाही.
घडी घालून परत खिशात.
मला हसू येत होतं. ते तिथेच थांबलं.

सोहारच्या पुढे वाऱ्याने रस्त्यावर वाळू आणून टाकलेली.
पंपावरच्या मलबारी चहावाल्याने विचारलं,
"परकारभाई, घरवाली?"
तुम्ही मान हलवलीत, आणि चहात
स्वतःच दोनदा साखर घातलीत.

सूरला, खाडीच्या तोंडाशी, तो दिसला एकदाचा.
पांढरा, ठेंगणा, गोल,
खाली पोरं गळ टाकून बसलेली,
दाराला कुलूप, कुलपाला मिठाचा गंज.
मी चप्पल काढून पायरीवर उभी राहिले,
म्हटलं, काढा फोटो. हा शोभतो तुम्हाला.
"हा माझा नाही," तुम्ही म्हणालात,
"इथे मी कधी आलोच नव्हतो."
फोटोत मी तोंड उघडं ठेवून उभी आहे.

रात्री गाडी वाळूच्या कडेला लावली.
तांदळाची भाकरी, कालवण, खिडकीतून खारा दमट वारा.
लांब पाण्यावर काहीतरी दोनदा लुकलुकलं आणि विझलं.
तुम्ही मोजत होतात, ओठांतल्या ओठांत.
मी विचारलं, सगळे दिवे सारखेच, ओळखतात कसे?
म्हणालात, उजेड सारखाच असतो गं.
ओळख मधल्या अंधारावरून.
कुणाचा पाच सेकंदांचा, कुणाचा बाराचा.
खलाशी तेवढाच मोजतो.

मी पातेलं घासायला घेतलं.
दोन वर्षं, आणि मग चाळीस दिवस.
दोन वर्षं, आणि चाळीस दिवस.
सलीमच्या वेळी अठ्ठावीसच, कंपनीने बोलावून घेतलं.
पोरं वयात आली ती सगळी मधल्या वेळात.
मीही मोजतच होते की,
फक्त त्याला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं.

पहाटे जाग आली तर तुम्ही दारात, लुंगीवर,
वाळूत पाय सोडून.
"अर्धा सेकंद उशिरा लागतोय तो," म्हणालात.
"कुणाला तरी कळवायला हवं."
हातात फोन होता. कंपनीचं सिम
गुरुवारीच परत केलेलं.

मी गॅस पेटवला, पाणी ठेवलं,
आणि तुमच्या शेजारी वाळूत उतरून बसले.
मला सांगा, म्हटलं.
मला कळवा.