बद्द

फोंड्याच्या दुकानदाराचा निरोप आला:
बेचाळीस माठांतले नऊ तडकलेले निघाले,
पैसे कापून घेतो.
लुमाण्णा कुंभार त्या दुपारी जेवला नाही.
"गाडीत घालताना एकेक वाजवून बघितलो मी," म्हणाला,
"आवाज हाय माझ्याकडं."

खरंच होता.
भाच्यानं हौसेनं मास्तरांचा रेकॉर्डर आणून
भट्टीपासून गाडीपर्यंतचे सगळे ठोके
भरून ठेवले होते. सात मिनिटं.
यूएसबीची खाच तेवढी तुटलेली.

माझं दुकान खानापुरात, स्टेशन रोडला.
झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि
'उताऱ्याचे अर्ज कानडीत भरून मिळतील'
अशी मराठी पाटी.
मी इअरफोनच्या भोकातून वायर काढली,
कॉम्प्युटरच्या मागं अंधारात चाचपडत
हाताला लागलं त्या भोकात खुपसली,
आवाज पुरता वाढवला. काही सुटायला नको.

पडद्यावर लाटा उठल्या.
वर पोचली की प्रत्येकीचं डोकं सपाट,
चाकावरचा काठ दोऱ्यानं कापावा तसं.
आणि स्पीकरमधून
बद्द.
बद्द.
बद्द.
बेचाळीसच्या बेचाळीस फुटकी.

लुमाण्णा खुर्चीवरून उठला.
"काय करून सोडलास रे?
असली मडकी मी जन्मात भाजलो नाही."

वाकून टॉर्च मारला. भोक गुलाबी.
ते माइकचं. कुजबुज मोठी करणं हे त्याचं काम,
त्यात भरल्या गळ्याचा आवाज सोडला
तर गळाच फाटतो.
"मग आता कमी कर की."
मी म्हटलं, मागून कमी करून
कापलेलं डोकं परत येत नाही, मामा.
तो जरा थांबला.
"म्हणजे भाजल्यावर दुरुस्ती नाही."
नाही.
"ओलं हाय तवर काय ते."
होय.

वायर निळ्या भोकात घातली.
रेकॉर्डरचा आवाज निम्म्यावर आणला,
लाट छताच्या खाली दोन बोटं राहील एवढा.
आता ठोका स्वच्छ, पण खाली सारखी
एक घुंई, डब्यात भुंगा कोंडल्यागत.
भोकं पुसली, वायर बदलली,
पंखा बंद केला, ट्यूब बंद केली,
घाम पुसत बसलो दोघं.

आणि करंट गेला.
यूपीएस बोंबलायला लागला,
रेकॉर्डरचा अडॅप्टर मेला,
रेकॉर्डर आतल्या दोन सेलवर आला
आणि भुंगा
गप्प.
हेस्कॉमला आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले.
दहा मिनिटांची बॅटरी, सात मिनिटांचे ठोके.
घाई करता येत नाही यात,
सात मिनिटं सातच मिनिटं घेतात.

ठण्ण... ठण्ण... ठण्ण...
प्रत्येकाला मागं लांब शेपूट,
मलप्रभेच्या काठची माती बराच वेळ बोलत राहिलेली.
लुमाण्णा डोळे मिटून बोटांवर मोजत होता.
सव्विसाव्याला बोट अडलं.
"थांब. मागं घे."

पुन्हा वाजवलं.
मला तसंच वाटलं, त्याला नाही.
पडद्यावर बघितलं तर शेपूट आखूड,
केसाएवढं.

माउसनं मी ते उचलून धरलं.
एक बटण, आणि एक्केचाळीस खणखणीत.
कुणाला कळणार होतं?
मी त्याच्याकडं बघितलं नाही,
त्याला काय केलंय ते दिसत होतं बहुतेक.

नखातली माती काढत म्हणाला,
"तवा हिनं चहा आणलेली. ध्यान गेलं माझं.
ऱ्हाऊ दे त्यो आवाज तिथंच.
एकाचे पैसे काप म्हणून सांग त्याला.
आठांचे न्हाई."

यूपीएस शेवटचं शेवटचं ओरडत होता.
फाइल जतन केली, पाठवली फोनवरून.
करंट आला. पंखा हलला.
मी आधी अडॅप्टर उपटून ठेवला.

जाताना लुमाण्णानं
माझ्या कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यावर
बोटाच्या पेरानं एक ठोका दिला,
कान जवळ नेला,
काही बोलला नाही.